उजाड गावं आणि तामार

बायबलच्या जुन्या करारात ‘शामेम’ असा एक हिब्रू धातू आहे. शेमामा, शम्मा, शोमेम हे शब्द त्याच्यापासून झाले. मराठी बायबल वाचणाऱ्यांना ते ‘ओसाड’, ‘उजाड’, ‘वैराण’ या रूपांत भेटतात. यिर्मया आणि यहेज्केल यांच्या पुस्तकांत तर ते सतत येतात, कारण यरुशलेमेचा नाश हाच त्या पुस्तकांचा गाभा आहे. मी जुन्या कराराच्या मराठी मसुद्यांची भाषा तपासते. हिब्रूवरून पहिला मसुदा करणारे वेगळे असतात. एकेका हिब्रू शब्दाला ठिकठिकाणी कोणता मराठी शब्द आला आहे याचे तक्ते करणं, वाक्य कानाला कसं लागतं ते बघणं, आणि मसुदा गावोगावच्या मंडळ्यांत नेऊन मोठ्यानं वाचणं हे माझ्याकडे. वाचून झाल्यावर ‘समजलं का?’ असं आम्ही विचारत नाही. त्याला सगळेच हो म्हणतात. ‘काय झालं ते तुमच्या शब्दांत सांगा’ एवढंच म्हणायचं आणि ऐकत बसायचं.

या कामात अनेक शब्दांनी मला धरून ठेवलं, पण शामेमनं जितकं धरलं तितकं दुसऱ्या कशानं नाही.

पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की शेमामा म्हणजे नुसती रिकामी जागा नव्हे. रिकाम्या, राबता नसलेल्या मुलुखाला हिब्रूत ‘मिदबार’ म्हणतात. आपण त्याचं रान किंवा अरण्य करतो. मिदबारात मेंढरं चरतात, मोशे तिथेच सासऱ्याची मेंढरं राखत होता. मिदबारानं कुणाचं काही गमावलेलं नसतं. शेमामा व्हायला मात्र आधी तिथं चूल पेटलेली असावी लागते, कुणी तरी नांगर धरलेला असावा लागतो. निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायात कनानी लोकांना एका वर्षात घालवणार नाही असं देव सांगतो. कारण काय, तर कसणारे हात गेले की देश शेमामा होईल आणि रानटी जनावरं माजतील. आणि शेमामाच्या मागे बहुतेक वेळा करणारा कुणीतरी असतो: सैन्य, टोळधाड, संदेष्ट्यांच्या लेखी देवाचा न्याय. गाव आपोआप उजाड होत नाही, ते उजाड केलं जातं. क्रियापदाच्या प्रयोजक रूपात हिब्रू हे स्पष्ट बोलते.

इ.स.पू. ५८६ मध्ये बाबेलच्या सैन्यानं यरुशलेम जाळलं. त्या आगीचा थर उत्खननात सापडलेला आहे. १९८२ साली यिगाल शिलो यांच्या पथकाला जुन्या नगराच्या उतारावर एका जळक्या घरात मातीच्या पन्नासेक मोहरा मिळाल्या. पपायरसच्या गुंडाळ्या दोऱ्यानं बांधून त्यावर ओल्या मातीचा गोळा दाबत आणि त्यावर शिक्का उमटवत. आगीत कागद गेले, माती भाजून पक्की झाली आणि नावं उरली. त्यातलं एक नाव शाफानाचा मुलगा गमऱ्या. यिर्मयाच्या छत्तिसाव्या अध्यायात याच नावाचा माणूस आहे आणि बहुतेक अभ्यासक तो हाच मानतात. त्याच्या खोलीत बारूखानं यिर्मयाची गुंडाळी लोकांना वाचून दाखवली होती. पुढे राजा ती गुंडाळी कापून शेगडीत टाकू लागला तेव्हा ‘जाळू नका’ म्हणून विनवणाऱ्यांतही गमऱ्या होता. राजानं ऐकलं नाही. त्या मोहरेचं छायाचित्र मी बराच वेळ बघत बसले होते. नखाएवढा मातीचा तुकडा, त्यावर दोन ओळी. यिर्मयातलं ‘शेमामा’ वाचताना तेव्हापासून मला मोकळं मैदान दिसत नाही, दप्तर ठेवलेलं एक घर दिसतं.

या नाशाची आठवण यहुदी लोक आव महिन्याच्या नवमीला उपास करून आणि विलापगीत वाचून ठेवतात. आपल्या कोकणातले बेने इस्राएल त्या उपासाला ‘बिरड्याचा रोजा’ म्हणत आले. इतक्या दूरच्या शहराचा शोक रायगडातल्या वालाच्या बिरड्याशी जोडला गेला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

शामेमची दुसरी बाजू कोशात पहिल्याच ओळीत असते, तरी ती मनात उतरायला मला वेळ लागला. या एकाच धातूचे दोन अर्थ आहेत. गाव उजाड होणं हा एक, आणि ते पाहून माणूस हबकून, थिजून जाणं हा दुसरा. लेवीयाच्या सव्विसाव्या अध्यायात एका वचनात धातू दोनदा येतो. मी देश शामेम करीन, असं देव म्हणतो, आणि त्यात येऊन राहणारे तुमचे शत्रूसुद्धा त्याच्याकडे बघून शामेम होतील. जमिनीचं जे झालं तेच बघणाऱ्याचं झालं. मराठी मसुद्यात अर्थातच दोन निराळे शब्द होते: वर ‘ओसाड’, खाली ‘चकित’. ‘चकित’ मला तिथं खपेना. चकित आपण जादूचे खेळ बघून होतो.

तो मसुदा आम्ही पाथर्डी तालुक्यातल्या एका गावात वाचला. दिवाळी होऊन गेली होती, म्हणजे ऊसतोडीच्या टोळ्या निघून गेल्या होत्या. मुकादमाची उचल घेतलेली, कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, पोरं काही बरोबर, काही आजीआजोबांपाशी. देवळात, म्हणजे आमच्या भागात ख्रिस्ती लोकही प्रार्थनाघराला देऊळच म्हणतात, म्हातारी माणसं, दोन-चार सुना आणि शाळकरी पोरं एवढेच होते. मी वाचलं, थांबले आणि विचारलं, देशाचं काय झालं?

“ओस पडला,” एक आजी म्हणाल्या.

“आपल्या गावासारखा?” मी विचारलं.

त्या जरा रागावल्याच. “आपलं गाव ओस हाये, उजाड न्हाई. पाडव्याला येतीलच की समदी. उजाड म्हंजी पुन्हा कुनी दिवा लावायचा न्हाई.”

मी वहीत लिहून घेतलं. महसुलाच्या जुन्या दप्तरात वस्ती उठलेल्या गावापुढे ‘बेचिराख’ असा शेरा असतो. चिराग नाही ते बेचिराख. आजींना फारसी येत नव्हती, पण व्याख्या तीच होती. त्यांच्या त्या वाक्यानं आमचा तक्ता सरळ झाला. ज्या ठिकाणी लोक परत येण्याचं वचन त्याच अध्यायात आहे तिथेसुद्धा ‘ओस’ घालायचा नाही, कारण बोलणाऱ्या संदेष्ट्याला त्या घडीला कुणी परत येताना दिसत नाही. तिथं ‘उजाड’च हवं.

भिंतीशी टेकून एक बाई बसली होती, चाळिशीतली. तिचं माहेर औसा तालुक्यातलं. तिनं विचारलं, “आन् ते शत्रूचं काय झालं म्हनलं?” मी वचन पुन्हा वाचलं, ‘चकित’सकट. तिनं मान हलवली. मग ती किल्लारीचं सांगू लागली.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या रात्री गणपती बोळवलेले. चारच्या सुमाराला भूकंप झाला आणि दगडमातीच्या रुंद भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या. लातूर-उस्मानाबादकडची सुमारे आठ हजार माणसं गेली. ती तेव्हा लहान होती. तिच्या घराची दाराची चौकट तेवढी उभी राहिली होती, मागेपुढे भिंत नाही. तिची आई त्या चौकटीत जाऊन बसली आणि उठेना. बाहेरगावची माणसं ट्रकमधून उतरत होती, काही तरी मदत करायला म्हणून आलेली, आणि गाव बघून आहेत तिथेच उभी राहत होती. “गाव सुनं आन् मानसं सुन्न,” ती म्हणाली. “शत्रू आला आसता तरी तसाच हुबा ऱ्हायला आसता.”

सुनं आणि सुन्न, दोन्ही शब्द ‘शून्य’ पासून आले. हिब्रूनं जे एका धातूत बांधलं ते मराठीनंही एका मुळात बांधून ठेवलेलं आहे, आणि तिला ते कुठल्याही कोशाशिवाय सापडलं होतं. ‘चकित’ त्या दिवशी मसुद्यातून गेला. शत्रू आता सुन्न होतात. विलापगीतात सियोनेच्या, म्हणजे यरुशलेमेच्या, वेशी शोमेम झाल्या आहेत असं आहे. ते वचन आलं की मला ती चौकट दिसते.

लेवीयाच्या त्याच अध्यायात पुढे एक विचार आहे जो शेतकरी श्रोत्यांना फार आवडतो. दर सातव्या वर्षी जमीन पड टाकावी असा नियम होता. तो पाळला गेला नाही, तर लोक परदेशी नेले जातील आणि देश उजाड पडेल, तेवढे दिवस जमीन आपला राहिलेला विसावा भोगेल, असं तिथं सांगितलं आहे. इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या शेवटी बाबेलातल्या सत्तर वर्षांचा हिशोब याच भाषेत मांडला आहे. माणसाला शेमामा, जमिनीला सुट्टी. उसाखाली दमलेल्या काळ्या रानाची माणसं हे ऐकून गप्प होतात.

मंडळ्यांत या शब्दाबद्दल प्रश्न येतो तो मात्र बहुतेक वेळा दानीएलावर. तिथं ‘शिक्कुत्स शोमेम’ अशी जोडी आहे, उजाड करणारी अमंगळ गोष्ट. येशूच्या तोंडी मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायात तिचा उल्लेख आहे, त्यामुळे जगाचा शेवट कधी याची गणितं मांडणारे तिच्याभोवती गोळा होतात. इ.स.पू. १६७ मध्ये अंतियोख एपिफानेस या राजानं यरुशलेमेच्या मंदिरातल्या वेदीवर परक्या देवाची वेदी उभारली, तिला उद्देशून हा शब्द आहे. ‘आकाशाचा स्वामी’ अशा अर्थाच्या बाल शामेम या देवनामाची ही मुद्दाम केलेली मोडतोड आहे, असं जर्मन अभ्यासक एबरहार्ट नेस्टले यांनी एकोणिसाव्या शतकात सुचवलं आणि ते पुष्कळांना पटलं. मलाही पटतं. पण या एका जोडशब्दावर जितकी प्रवचनं होतात त्यातलं एक तरी शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायावर व्हावं, असं मला मनापासून वाटतं. कारण या धातूचा सगळ्यात जड उपयोग तिथं आहे.

दावीद राजाचा थोरला मुलगा अम्नोन. त्याची सावत्र बहीण तामार. तो आजाराचं सोंग घेतो, तिच्या हातच्या पोळ्या हव्यात म्हणून बापाकडून तिला बोलावून घेतो. ती त्याच्यासमोर कणीक मळते, भाजते, वाढते. मग तो सगळ्यांना बाहेर काढतो आणि तिच्यावर बलात्कार करतो. ती आधी त्याला समजावते, इस्राएलात असं करत नाहीत, माझी लाज मी कुठे नेऊ, असं विचारते. तो ऐकत नाही. नंतर त्याला तिचा तिटकारा येतो आणि नोकराला सांगून तो तिला बाहेर घालवतो. हिब्रूत तो तिचं नाव घेत नाही, ‘बहीण’ म्हणत नाही, नुसतं ‘हिला’ म्हणतो. दाराला अडसर घालतात. ती डोक्यात राख घालते, राजकन्यांचा लांब बाह्यांचा झगा फाडते, डोक्यावर हात ठेवून आक्रोश करत जाते. सख्खा भाऊ अबशालोम तिला म्हणतो, गप्प राहा, तो भाऊ आहे, मनाला लावून घेऊ नकोस. दावीद संतापतो आणि काहीही करत नाही. पण त्याआधी, अबशालोमाच्या बोलण्यालगतच एक वाक्य येतं, की तामार आपला भाऊ अबशालोम याच्या घरी राहिली, आणि त्या वाक्यात ‘शोमेमा’. स्त्रीलिंगी, धातुसाधित, चालू राहणारी अवस्था. यानंतर ती या कथेत बोलत नाही.

जळलेल्या शहराचा शब्द त्या मुलीला लावला आहे. आमच्या मसुद्यात तिथं ‘उदास’ होतं.

तक्ता पुढ्यात ठेवून मी बाकीची माणसं शोधली, ज्यांना हा धातू लावला आहे. एज्रा आपली वस्त्रं फाडतो, डोक्यादाढीचे केस उपटतो आणि सुन्न होऊन बसतो. त्याच्याभोवती लोक जमतात, आणि संध्याकाळच्या अर्पणाच्या वेळी तो उठतो. यहेज्केल बंदिवानांमध्ये सात दिवस तसाच बसतो, सात दिवस सरल्यावर देवाचा शब्द त्याला गाठतो. दानीएल दृष्टान्तानं हादरून काही दिवस आजारी पडतो, मग उठून राजाच्या कामाला लागतो. तिघांच्याही सुन्नपणाला मुदत आहे, आणि तिघांच्याही पुढे काम आहे. एज्राचा फाटलेला झगा बघून माणसं गोळा झाली. तामारचा झगाही फाटलेला होता, राखही होती, आक्रोशही होता, आणि तिला गप्प राहा म्हणून सांगण्यात आलं. तिच्या शोमेमाला मुदत नाही. दोन वर्षांनी अबशालोम अम्नोनाला मारतो खरा, पण त्यात तामारचं काही नाही. तो त्यांचा आपापसातला, गादीकडे तोंड असलेला हिशोब. अबशालोमाच्या मुलीचं नाव मात्र तामार होतं, एवढं पुढच्या अध्यायात कळतं.

भाषांतर समितीत या शब्दावर बराच खल झाला. ‘ओसाड’ बाईला लागत नाही. ‘एकाकी’ म्हटलं तर तिच्यावर कुणी काही केलं होतं हे पुसलं जातं. ‘सुन्न’ मला प्रिय, पण तो मराठीत घटकेचा शब्द आहे, माणूस सुन्न होतो आणि भानावर येतो. तामार येत नाही. शेवटी ‘उद्ध्वस्त’ ठरला. शहरंही उद्ध्वस्त होतात, बाईही उद्ध्वस्त होते, आणि उद्ध्वस्त करणारा कुणी तरी असतो. खेड्यातल्या आजींना तो वर्तमानपत्री वाटतो हे मला माहीत आहे. पण विलापगीताच्या पहिल्या अध्यायात सियोन नगरी बाई होऊन बोलते आणि दिवसभर मी शोमेमा आहे म्हणते, तिथं हाच शब्द ठेवता आला. आता वाचणाऱ्याला दोन्ही बायका एकमेकींच्या शेजारी दिसतील. यशयाच्या चौपन्नाव्या अध्यायात शोमेमेला थेट हाक आहे, नवऱ्याघरी नांदणारीपेक्षा तुझी लेकरं अधिक होतील अशी. तिथंही आम्ही तोच ठेवला. तो अध्याय तामारला वाचता आला असता तर, असं माझ्या मनात येतं.

या सगळ्यात मला पंडिता रमाबाईंची आठवण होत राहते. पोरवयात त्यांनी दुष्काळी भटकंतीत आई, वडील, बहीण गमावली. पुढे केडगावच्या मुक्ती सदनात विधवा, टाकलेल्या, फसवलेल्या, दुष्काळातून उचलून आणलेल्या शेकडो मुली-बायका त्यांनी सांभाळल्या. उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबलचं मराठी भाषांतर केलं, साध्या बाईला वाचता यावं अशा बेतानं. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली, ५ एप्रिल १९२२ रोजी त्या स्वतः गेल्या. भाषांतर पुरं झालेलं होतं, ते १९२४ मध्ये छापून निघालं. छापखाना मुक्तीतलाच, खिळे जुळवणारे हातही तिथल्या बायकांचे. म्हणजे शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा तेरावा अध्याय त्यांच्यापैकी कुणी तरी अक्षर अक्षर उचलून जुळवला. घरातल्याच माणसानं उद्ध्वस्त केलेली, मग ‘गप्प राहा’ म्हणून सांगितलेली बाई तिथं असणारच. आमच्या समितीत बायका कमी आहेत. शोमेमाच्या जागी ‘उदास’ वाचून खडा लागल्यासारखं कुणाला झालं नाही, त्याचं एक कारण तेही आहे असं माझं ठाम मत आहे.

दक्षिण आफ्रिकेत पीटरमारिट्झबर्ग इथल्या उजामा केंद्रानं ‘तामार मोहीम’ चालवली. मंडळ्यांमध्ये हा अध्याय वाचायचा, गटागटानं त्यावर बोलायचं, आपल्या मंडळीत, घरात असं होतं का हे विचारायचं, आणि पुढे काय करायचं ते ठरवायचं. वाचणारे साधे मंडळीकर होते, आणि बायका आजवर कुणाला न सांगितलेलं सांगू लागल्या.

आपल्याकडे रविवारच्या पाठांत हा अध्याय मी कधी ऐकलेला नाही. पाळकांना, महिला मंडळ चालवणाऱ्या ताईंना माझी एवढीच विनंती आहे. शमुवेलाचं दुसरं पुस्तक, अध्याय तेरा, पहिल्या वचनापासून बाविसाव्यापर्यंत, मंडळीत मोठ्यानं वाचा. विसाव्या वचनानंतर थोडं थांबा. अबशालोमानं जे तिला सांगितलं ते तुमच्या घरात कधी कुणी कुणाला सांगितलंय का, असं विचारा, आणि बायका बोलू लागल्या की त्यांना पुरतं बोलू द्या.